देवाच्या वाफ्यातली गाजरं

चिकलठाण्यात आप्पासाहेबांचं नाव निघालं की लोक आधी त्यांच्या गळ्यातल्या माळेबद्दल बोलतात आणि मग त्यांच्या गाजरांबद्दल. माळ त्यांना बापानं मिसरूड फुटायच्या आधीच घातली. तेव्हापासून मटणाचा वास आला तरी रस्ता बदलणारा हा माणूस. लग्नाकार्यात पंगतीला बसायच्या आधी आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारणार, "भांडी कुठली, बाबा? ह्यात कधी काही भलतं शिजलं तर नाय ना?" आचारी आधी चिडायचा आणि मग माळ बघून हात जोडायचा. त्यांनी खोटं बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. बांधावरून दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसले की आप्पासाहेबांना बोलावणं जायचं, आणि ते दाखवतील ती रेघ दोघं मुकाट्यानं मान्य करायचे. माणसाच्या नावावर एवढं मोठेपण जमा झालं की पुढं ते सांभाळण्यातच जन्म जातो. आप्पासाहेबांचा तसाच चालला होता, आणि त्यांना ते आवडत होतं.

मळा गावाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठावर. ह्या नदीत आप्पासाहेबांनी लहानपणी बैल धुतले होते. आता तिला कुणी नदी म्हणत नाही, नाला म्हणतात आणि पूल ओलांडताना गाडीची काच वर करतात. मळ्याच्या वरच्या बाजूला पूर्वी माळरान होतं. तिथं आधी प्लॉट पडले, मग रो-हाऊस उठली, मग चार-चार मजली इमारती. त्यांच्या ड्रेनेजची लाईन कुणीतरी मळ्याच्या बांधापर्यंत आणून सोडली, तिथं एक चेंबर बांधलं आणि हात झटकले. पहिल्याच मोठ्या पावसात चेंबरचं झाकण उडालं. वरून आलेलं पावसाचं पाणी आणि आतला सगळा ऐवज एक होऊन बांधावरून मळ्यात शिरला आणि तिथून विहिरीत झिरपला.

आप्पासाहेबांनी आधी रीतसर आरडाओरड केली. अर्ज दिले, ऑफिसांचे उंबरे झिजवले. एक साहेब नाकाला रुमाल लावून आला, मोबाईलवर फोटो काढून गेला. दुसऱ्यानं सांगितलं, ही हद्द आमची नाही. तिसरा म्हणाला, आजोबा, पावसाळा संपला की आपोआप कमी होईल. कमी काही झालं नाही. उलट लोकवस्ती वाढली तसं चेंबर उन्हाळ्यातही भरून वाहायला लागलं.

आणि मग आप्पासाहेबांच्या लक्षात एक गोष्ट आली. ज्या वाफ्यात ते पाणी मुरलं होतं तिथला पाला गुडघ्याला लागला होता. खताची गोणी न फोडता गाजरं मनगटाएवढी जाड, कोथिंबीर काळीभोर हिरवी. त्यांची विहीर होळीनंतर तळ दाखवायची. चेंबर मात्र बारमाही. एके सकाळी त्यांनी फावडं घेतलं आणि चेंबरपासून वाफ्यांपर्यंत छानपैकी दांड काढला. वाया जाणाऱ्या पाण्याला वाट दिली, एवढंच. अर्ज बंद झाले. मंडईत कुणी विचारलं, "आप्पा, मळ्याला पाणी कुठलं?" तर ते म्हणत, "इहिरीचं." आणि ते खोटंही नव्हतं, कारण विहिरीत दुसरं पाणी उरलंच नव्हतं. सत्यवान माणसांना अशा सोयी सापडतात.

घरात एक जुनी रीत होती. पहिला वाफा देवाचा. गाजर असो, मुळा असो, काकडी असो, पहिल्या वाफ्यातला माल बाजारात जायचा नाही. तो उपटायचा, विहिरीजवळच्या कुंडात तुडवून स्वच्छ धुवायचा आणि देवळात न्यायचा. रात्री हरिपाठ झाला की त्याच गाजरांच्या चकत्या, खोबरं आणि साखर अशी खिरापत वाटली जायची. ह्या मालाला चूल दाखवायची नाही. आणि देवापुढं ठेवलं की पुन्हा पाणीही लावायचं नाही. आप्पासाहेबांची आई म्हणायची, त्यावर देवाचा हात फिरलेला असतो, तो धुऊन काढायचा का? आई गेली, रीत राहिली. लोक म्हणायचे, आप्पांच्या गाजराची गोडी वेगळी. असणारच.

मोनिका ह्या घरात सून म्हणून आली ती वैजापूरची. माहेर खाणारं, दर रविवारी मटण नसलं तरी अंडी तरी असायचीच. लग्न ठरताना आप्पासाहेबांनी तेवढी एकच अट घातली आणि पोरीनं ती हसत मान्य केली. सासरच्या उंबऱ्यावर तिनं स्वतः माळ मागून घेतली. सासू आवडाबाई महिनाभर तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होत्या, की ही शेजारणीकडं तरी काही खाऊन येते का. पोरगी पक्की निघाली. हळूहळू खिरापत करायचं काम तिच्याकडं आलं. चकत्या करता करता गाजराचं टोक तोंडात टाकायची तिला सवय होती. मळ्यात गेली तरी तसंच, गाजर उपटायचं, पदराला पुसायचं आणि कचाकचा खायचं. आप्पासाहेब कौतुकानं म्हणायचे, "सुनबाई म्हंजी ससा हाय माझा." सत्यमला, म्हणजे त्यांच्या पोराला, कंपनीत नोकरी होती, मळ्यात पाय घालायला त्याला वेळ नव्हता आणि हौसही नव्हती. मळ्यावर जीव होता तो सुनेचा. मग संस्कृती झाली. ती रांगायची ती वाफ्यातच.

संस्कृती तिसऱ्या वर्षात होती त्या श्रावणात एके सकाळी मोनिका भाकरी थापता थापता आडवी झाली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. आवडाबाईंनी चप्पल हुंगवली, शेजारून कांदा मागून आणून हुंगवला, अंगात आलं म्हणून कुंकूही लावलं. सत्यमनं रिक्षा आणली आणि शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा स्कॅन झाला. दुपारी सत्यम खाली औषधं आणायला गेला होता, मोनिका डोळे मिटून पडली होती, आणि खाटेजवळ एकटे आप्पासाहेब असताना डॉक्टरीणबाई आल्या.

"आजोबा, सुनेच्या मेंदूत जंताच्या गाठी आहेत. डुकराच्या मांसात जो जंत असतो ना, त्याच जातीचा."

आप्पासाहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाई, आमच्यात माळ हाय. आमच्या घरात चातुर्मासात कांदा सुदिक येत नाय."

डॉक्टरीणबाईंना ही वाक्यं पाठ असावीत. त्या स्टूल ओढून बसल्या. "नीट ऐका. डुक्कर खाऊन ह्या गाठी डोक्यात होत नाहीत. जो कच्चंपक्कं खातो त्याच्या पोटात लांब जंत वाढतो आणि त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती ड्रेनेजमध्ये जातात. ड्रेनेज तुंबलं, फुटलं, की पावसाच्या पाण्याबरोबर शेतात. तिथून भाजीला चिकटतात. ती भाजी कुणी कच्ची खाल्ली, की खाणाऱ्याच्या डोक्यात. त्यानं जन्मात मटणाला हात लावलेला नसला तरी. माझ्याकडं माळकरी येतात, जैन येतात, मुसलमान येतात. सगळे आधी तुमच्यासारखेच कानावर हात ठेवतात. आता मला सांगा, तुमच्या घरात गाजर, मुळा, कोथिंबीर, जे काही कच्चं खाता, ते कुठून येतं?"

आप्पासाहेबांच्या डोळ्यांपुढं चेंबर आलं. दांड आला. कुंड आलं. खिरापतीची परात आली. त्यांनी खाटेचा गज धरला. आता बोलायचं म्हणजे फक्त एक शब्द, मळ्यातून. पण त्या एका शब्दाच्या मागं मंडई होती, देऊळ होतं, खिरापत खाल्लेलं अख्खं गाव होतं.

"बाजारातून," आप्पासाहेब म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, भाज्या शिजवून खा म्हणाल्या, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं गेल्या. इतक्या साध्या गोष्टीनं साठ वर्षांची माळ बाटली, आणि कुणाला कळलंसुद्धा नाही.

घरी यायच्या आधीच डुकराचा शब्द घरी पोचला होता. सत्यमनं औषधाच्या दुकानात विचारलं, ही गोळी कशाची. दुकानदारानं अर्धवट सांगितलं, डुकराच्या किड्याची. उरलेलं सत्यमनं मोबाईलवर पाहिलं, तेही अर्धंच. आवडाबाईंनी डोक्याला हात लावला.

"संक्रांतीला वैजापूरला गेली व्हती. तिथंच खाल्लं. भावाच्या पोरांसंगं हाटेलात गेली असंल."

"आत्याबाई, देवाशप्पत, म्या नाय खाल्लं. अंडंसुदिक नाय."

"मग डुकराचा किडा काय उडून आला का तुझ्या डोक्यात?"

मोनिकानं संस्कृतीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. आवडाबाई एवढ्यानं गप्प बसणाऱ्या नव्हत्या, पण आता सगळ्यांनी आप्पासाहेबांकडं पाहिलं. सत्यमनंही. ह्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. ते काय म्हणतील तो निकाल.

आप्पासाहेब जोत्यावर बसले होते. त्यांनी माळेचा मणी चाचपला आणि म्हणाले, "झालं ते झालं. देव बघून घेईल."

बघा, किती सुंदर वाक्य. त्यात एक अक्षर खोटं नाही. पण त्या वाक्यानं सून दोषी ठरली आणि आप्पासाहेब दयाळू ठरले. मोनिकानं त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा शपथ घेतली नाही. दसऱ्याच्या आत तिला वैजापूरला पोचवलं. पोरगी मात्र ठेवून घेतली. "बाटलेल्या हातचं पोरीला नको," आवडाबाई म्हणाल्या. तेव्हाही जोत्यावर माणूस बसलेला होता, आणि तोंडात मूग धरून होता.

त्यांना काही वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं, आणि म्हणूनच राग येतो. सून गेली त्या आठवड्यात त्यांनी दांडाच्या तोंडाशी दगड रचला. पाला पिवळा पडायला लागल्यावर दगड काढला. स्वतः गाजर खाणं सोडलं. कुणी विचारलं तर दातांचं कारण सांगायचे. संस्कृतीच्या हातात गाजर दिसलं की काढून घेऊन बिस्कीट द्यायचे. पण मळा, अंगण, देऊळ, सगळीकडं गाजरंच, आणि त्या चिमुरडीच्या मागं दिवसभर कोण फिरणार? बाकी गाव तर त्यांच्या नात्यातलं नव्हतंच. खिरापत चालू राहिली. वाटताना ते डोळे मिटून घ्यायचे. लोक म्हणायचे, आप्पा थकले, आता भाव अनावर होतो त्यांना.

पौषात गाजराचा हंगाम भरात आला. शहागंजच्या मंडईतला युसूफभाई गेली कित्येक वर्षं आप्पासाहेबांचा माल उचलायचा. दोघांची दोस्ती बापांपासूनची. ईदला आप्पासाहेबांकडं शिरखुर्म्याचं दूध आणि सुकामेवा कोराच यायचा, कारण शिजवलेलं आप्पासाहेबांना चालत नसे, आणि इकडून दर हंगामात गाजराची पहिली जुडी युसूफभाईच्या घरी जायची. त्या दिवशी युसूफभाई टेम्पो लावून खाली उतरला तो क्रेट भरायचं सोडून विहिरीच्या काठावर बसला.

"आप्पा, एक बात बोलू? कुनालाच बोलायची नाय. तुमच्यावर भरोसा हाय म्हनून."

"बोल की."

"माझ्या गजालाला झटके येत्यात. मंगनी झाली तिची, तुम्हाला ठाऊक हाय. डॉक्टरनं फोटो काढला डोक्याचा. आन..." त्यानं आजूबाजूला बघितलं. "उसने वो जानवर का नाम लिया, आप्पा. हमारे घर में उसका नाम बी नै लेते. अम्मीनं तिचं ताट अलग केलं. पोरगी रडून रडून म्हनती, अब्बा, मैं बाहर का कुछ खातीच नै. सच्ची बात हाय. तुमच्या मळ्याच्या गाजराशिवाय ती बाहेरचं कच्चं काहीच खात नाय. मग आलं कुठून हे?"

आप्पासाहेब विहिरीतल्या पाण्याकडं बघत राहिले. युसूफ त्यांच्या तोंडाकडं बघत होता. त्याला उत्तर नको होतं, नुसता खांद्यावर हात हवा होता. आप्पासाहेबांनी तो ठेवला. "व्हईल समदं नीट," ते म्हणाले. मग युसूफनं डोळे पुसले, उठला, आणि दोघांनी मिळून गाजरांचे क्रेट टेम्पोत चढवले. आप्पासाहेबांनी एक क्रेट स्वतःच्या हातानं उचलून दिला.

टेम्पो दिसेनासा झाल्यावर ते वाफ्यात बसून ढसाढसा रडले. कुणाला दिसेल ह्याची त्या वेळी त्यांना पर्वा नव्हती. दोन घरच्या दोन पोरी, दोघींची ताटं वेगळी झाली, आणि दोघींनी खाल्लं होतं फक्त ह्यांच्या हातचं. आता बोलल्यावाचून गत्यंतर नव्हतं. कुणा एकट्यादुकट्याला सांगून भागणार नव्हतं. जिथं खिरापत वाटली तिथंच, सगळ्यांच्या समोर.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. देऊळ भरलेलं. हरिपाठ झाला, आरती झाली, परात फिरली. प्रत्येकाच्या ओंजळीत गाजराच्या चकत्या आल्या तसे आप्पासाहेब उभे राहिले.

"मंडळी, ते तोंडात घालू नका. आधी ऐका माझं." चुळबुळ थांबली. "माझी सून दोषी नाय. तिनं काही भलतं खाल्लं नाय. तिच्या डोक्यात गेला तो किडा ह्या गाजरांतून गेला. वरच्या चेंबरचं घाण पाणी म्या सोताच्या हातानं दांड काढून मळ्यात घेतलंय. त्याच पाण्यात धुतल्याली गाजरं म्या तुम्हाला देवाची म्हणून खाऊ घातली. डॉक्टरीणबाईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. म्या लपवलं. पापी म्या हाय, ती पोर नाय."

आप्पासाहेबांनी मान खाली घातली आणि वाट बघितली. कुणी शिव्या देईल, कुणी अंगावर धावून येईल, कुणी ओंजळीतली खिरापत त्यांच्या तोंडावर फेकेल. त्यांना तेच हवं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा छाती हलकी झाली होती.

पहिले उठले काकासाहेब. विणेकरी, आप्पासाहेबांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. ते पुढं आले, आणि त्यांनी आप्पासाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं.

"काय माणूस हाय हा!" डोळे पुसत ते सगळ्यांकडं वळले. "सुनंचं पाप सोताच्या अंगावर घेतो! आरं, आपली सून म्हटल्यावर आपन दार लावून घेतो. ह्यानं मळ्याला बट्टा लावून घेतला. आप्पाच्या मळ्यात घाण? आप्पा खोटं बोलतो? जन्मात एकदाच खोटं बोलला, ते बी दुसऱ्याच्या लेकीची अब्रू झाकायला!"

"नाय, नाय, काकासाहेब, खरंच..." आप्पासाहेब हात हलवत राहिले. जितकं नाही म्हणावं तितक्या माना डोलत होत्या. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. मग लोकांनी डोळे मिटून खिरापत कपाळाला लावली आणि खाल्ली. मागच्या रांगेतल्या एकानं आणखी मूठभर मागून घेतली. उभ्या आयुष्यात जोडलेलं नाव त्या संध्याकाळी आप्पासाहेबांच्या छातीवर येऊन बसलं आणि त्यांना बोलू देईना.

विश्वास ठेवला तो फक्त एकानं. मंडईत बातमी दुसऱ्या दिवशी पोचली आणि युसूफभाईचा फोन आला.

"आप्पा, मेरे सामने बोलना था," तो एवढंच म्हणाला. "मैं गाजर भर रहा था, तब."

टेम्पो पुन्हा मळ्यावर आला नाही. गाजरांचं काही अडलं नाही, दुसरा व्यापारी त्याच आठवड्यात आला. आप्पासाहेबांनी दांड बुजवला, तो सत्यमनं संध्याकाळी कामावरून येऊन मोकळा केला. "आप्पा, देवळात बोललात ते ठीक हाय, पन उभं पीक कामून वाळवता?" आवडाबाईंना तर भरून आलं होतं. नवऱ्याकडं बघता बघता त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढं पदरात घेतलं, मग म्या बी घेते. माफ केलं म्या तिला. जा, घेऊन या." मोनिकानं मागितली नव्हती ती माफी तिला अशी मिळाली.

आप्पासाहेबांनी वाद घातला नाही. त्यांना वाटलं, गावानं नाही ऐकलं तर नाही. जिचं नुकसान केलं तिच्यापुढं तरी बोलू. आवडाबाईंनी संस्कृतीला नवा फ्रॉक घातला, केसांना रिबीन बांधली आणि एक पिशवी आप्पासाहेबांच्या खांद्याला अडकवली. व्याह्यांकडं रित्या हातानं जायची रीत नव्हती. पिशवीत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. वैजापूरच्या एसटीत ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात वाक्यं जुळवत बसले, आणि पोरगी पिशवीवर डोकं टेकून झोपली.

विहीणबाई वच्छलाबाईंचं घर मार्केट यार्डाच्या मागं, पत्र्याचं. मोनिका कांद्याच्या शेडवर निवडायला जायची. आज बाजार बंद म्हणून घरी होती. ती दारात आली तेव्हा आप्पासाहेबांनी तिला क्षणभर ओळखलंच नाही. वाळली होती. समोरचा एक दात अर्धा तुटला होता. झटका आला तेव्हा शेडच्या फरशीवर पडली होती, वच्छलाबाईंनी सांगितलं. भावजयीनं कुणा बुवाच्या नादानं गोळ्या बंद केल्या होत्या, त्या मोनिकानं स्वतः कमावून पुन्हा सुरू केल्या.

संस्कृती आईकडं गेली नाही. आजोबांच्या पायामागं उभी राहून बघत राहिली. मोनिकानंही ओढून घेतलं नाही. तिनं ओठ चावला आणि उंबऱ्याशीच बसली.

आप्पासाहेब पिशवी खाली ठेवून जमिनीवर बसले आणि सुनेपुढं त्यांनी हात जोडले. सगळं सांगितलं. चेंबर, दांड, कुंड, डॉक्टरीणबाई. "तुला समदे वंगाळ बोलत व्हते आन म्या गप बसलो. मला ठाऊक व्हतं, पोरी. पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं."

"मला बी ठाऊक व्हतं, मामा," मोनिका म्हणाली.

आप्पासाहेबांनी वर पाहिलं.

"दवाखान्यात म्या डोळे झाकून पडले व्हते, झोपले नव्हते. बाईनं इचारलं कुठून येतं, तुम्ही म्हणले, बाजारातून. ऐकलं म्या."

"मग बोलली कामून नाय गं?"

"कुणापुढं? तुमच्या शब्दापुढं माझा शब्द ठेवायचा व्हता का? मला वाटलं, मामा घरी जाऊन सांगतील. जोत्यावर बसले व्हते तवा वाटलं, आता सांगतील. पोरगी काढून घेतली तवा वाटलं, आता तरी सांगतील."

वच्छलाबाई आत जाऊन चुलीशी उगीच भांडी वाजवत राहिल्या. आप्पासाहेब म्हणाले, "म्या देवळात सांगितलं. समद्यांसमोर. कबूल केलं."

"मग? काय म्हणले लोक?"

ह्या वेळी त्यांना खोटं बोलता आलं नाही. "म्हणले... आप्पा लई मोठा माणूस हाय."

मोनिका हसली. तुटका दात दिसला. बऱ्याच दिवसांनी हसत असावी, कारण ते हसू तिला नीट आवरेना. "आन आत्याबाई?"

"तिनं... माफ केलं तुला."

तेवढ्यात करकर असा आवाज आला. दोघांनीही वळून पाहिलं. मोठी माणसं बोलत होती तोवर संस्कृतीनं पिशवीची गाठ सोडली होती. धुऊन लालबुंद केलेली, पाल्यासकट जुडी बांधलेली गाजरं उंबऱ्यावर सांडली होती, आणि त्यातलं एक निम्मं तिनं संपवलं होतं.

मोनिकानं झेप घेतली. हातातलं गाजर हिसकून अंगणात फेकलं, पोरीच्या तोंडात बोट घालून चावलेलं सगळं बाहेर ओढून काढलं, उकळून ठेवलेल्या पाण्याच्या तांब्यानं चूळ भरायला लावली, पुन्हा बोट घातलं. पोरगी घाबरून किंचाळली.

"आजीनं दिलंय!" हुंदके देत ती ओरडली. "देवाचं हाय ते! धुवायचं नाय!"

आप्पासाहेब जोडलेले हात तसेच घेऊन बसले होते. मघापासून ते स्वतःच्या पापाविषयी इतकं मन लावून बोलत होते, की हाताच्या अंतरावर नात काय खाते आहे ते त्यांना दिसलं नव्हतं.

मोनिकानं पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि तिला मांडीवर घट्ट आवळून धरलं. तिचा श्वास वर लागला होता. बोलली तेव्हा मात्र आवाज अगदी खालचा होता.

"पोरगी हितंच राहील, मामा. म्या येत नाय. ती पिशवी उचला आन जावा."

आप्पासाहेबांनी एक एक गाजर वेचून पिशवीत भरलं. विहीणबाईंनी आतून चहासाठी थांबा म्हटलं नाही. ते दाराबाहेर पडले तरी पोरगी त्यांच्याकडं बघत नव्हती. आईच्या छातीवर तोंड आपटून आपटून ती रडत होती, आणि मागत होती ते गाजर.